लहान जातीच्या कुत्र्यांचे डोळे वारंवार का येतात?

शेतावरील वस्तीचा राखणदार म्हटला म्हणजे पूर्वी गावठी कुत्रा, फार तर एखादा कारवानी शिकारी कुत्रा, एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे चित्र बरेच पालटले आहे. पामेरिअन तर खेडोपाडी रुळला आहेच. त्याच्या जोडीला ल्हासा, शिझू आणि पग या लहान जाती बंगल्यांतून निघून मळ्यांतील घरांपर्यंत पोहोचल्या आहेत. एका दूरध्वनी कंपनीच्या २००३ सालच्या जाहिरातीत मुलाच्या मागोमाग धावणारा पग दिसला आणि तेव्हापासून या चपट्या तोंडाच्या प्राण्याला आपल्याकडे जी मागणी आली, ती अद्याप ओसरलेली नाही. खाणे थोडे, जागा थोडी आणि परका माणूस बांधावर दिसताच गलका मात्र भरपूर, असा हा हिशेब लोकांना मानवला आहे.

या कुत्र्यांबरोबर त्यांची दुखणीही आली. त्यांतील सर्वांत चिवट दुखणे डोळ्यांचे होय. कुत्र्याच्या डोळ्याशी कृषी अधिकाऱ्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु शेतकरी मेळाव्यात प्रश्न विचारणारा समोरच्या माणसाचे खाते पाहून विचारीत नाही. "डोळे येतात, थेंब घातले की बरे होतात, थेंब संपले की पुन्हा येतात," ही तक्रार प्रस्तुत लेखकाने इतक्या ठिकाणी ऐकली की पशुवैद्यकांना विचारून तिचा उलगडा करून घेणे भाग पडले.

माणसाचे डोळे येतात तेव्हा ती बहुधा साथ असते व ती आठ-दहा दिवसांत ओसरते. कुत्र्याच्या डोळ्यास हाच न्याय लावला जातो आणि तेथेच घोटाळा होतो. कुत्र्याच्या डोळ्यात जंतू आपण होऊन ठाण मांडतात असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा आधी दुसरे काही तरी बिघडलेले असते आणि जंतू मागाहून त्याचा फायदा घेतात. बांध फुटल्यामुळे शेतात पाणी शिरत असता केवळ पाणी उपसत बसावे, तसा प्रकार नुसत्या जंतुनाशक थेंबांनी होतो. थेंब खोटे नसतात. चार-पाच दिवस ते कामही करतात. पण मूळ बिघाड तसाच राहतो.

कोरडा डोळा

या मूळ बिघाडांपैकी लहान जातींत वारंवार आढळणारा व सर्वांत अधिक दुर्लक्षिला जाणारा बिघाड म्हणजे डोळ्याचा कोरडेपणा. डोळ्यांतून सारखा चिकट द्राव वाहत असता डोळा कोरडा आहे, असे म्हटल्यास ऐकणाऱ्याला नवल वाटते. म्हणून अश्रूंची घडण थोडी समजून घ्यावयास हवी.

डोळ्यावरील अश्रूंचा थर तीन पदार्थांचा असतो. बुबुळाला लगटून बुळबुळीत श्लेष्म्याचा थर, त्यावर पाण्याचा आणि सर्वांत वर तेलाचा पातळ तवंग. तेलामुळे पाणी लवकर उडून जात नाही आणि श्लेष्म्यामुळे ते बुबुळावरून ओघळून जात नाही. पाण्यात जंतूंना मारणारे घटक असतात. शिवाय बुबुळावरील पारदर्शक पडद्यात, म्हणजे पारपटलात, रक्तवाहिन्या नसल्यामुळे त्याला लागणारा प्राणवायूही या अश्रूंतूनच मिळतो. पाणी तयार करणाऱ्या ग्रंथी निकामी होऊ लागल्या की श्लेष्मा तेवढा उरतो. धुतला न गेल्यामुळे तो पिवळट-हिरवट, दोरीसारखा ताणला जाणारा आणि बुबुळालाच चिकटून बसणारा होतो. आपण त्याला पू समजतो. त्यात जंतू वाढतात हे खरे. पण ते ओसाड पडलेल्या वावरात तण माजावे तसे.

ग्रंथी निकामी का होतात? बहुतेक कुत्र्यांत त्यांच्या शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच या ग्रंथींवर उलटते. डिस्टेंपर या रोगानंतर, काही सल्फा औषधे दीर्घकाळ दिल्यावर किंवा ग्रंथीकडे जाणारी नस दुखावल्यासही असे होते. शिझू, ल्हासा, पग, पेकिनीज, कॉकर स्पॅनिअल या जातींत हा विकार विशेष दिसतो.

तो ओळखण्याची कसोटी अगदी साधी आहे. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी १९०३ साली माणसांसाठी सुचविलेली टीपकागदाची पट्टी आजही याच कामी वापरतात. पट्टीचे टोक दुमडून ते खालच्या पापणीच्या आत अडकवावयाचे आणि एका मिनिटात ओल किती मिलिमीटर चढली ते पाहावयाचे. निरोगी कुत्र्यात ती १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक चढते. १० ते १५ असल्यास संशय घ्यावा. १० च्या खाली आल्यास कोरडेपणा धरून चालावे आणि ५ किंवा त्याहून कमी असल्यास तो तीव्र समजावा. डोळ्यात कोणताही थेंब घालण्यापूर्वी ही तपासणी व्हावयास हवी, अन्यथा थेंबांचीच ओल मोजली जाते. म्हणून दवाखान्यात नेण्याच्या दिवशी सकाळी घरचे थेंब घालू नयेत.

नाशिक जिल्ह्यातील एका द्राक्षबागायतदाराकडील सहा वर्षांच्या शिझू कुत्रीचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. चार महिन्यांत तिच्या डोळ्यांत औषधांच्या दुकानातून आणलेले तीन निरनिराळे थेंब पडले होते. प्रत्येक बाटलीने पहिला आठवडा गुण दाखविला. चौथ्या महिन्यात उजव्या बुबुळावर तपकिरी साय धरल्यासारखे झाले आणि कुत्री ओट्याची पायरी उतरताना पंजाने चाचपडू लागली. घरच्यांनी मोतीबिंदू समजून आशा सोडली होती. द्राक्षांवर गंधकाची धुरळणी झाली होती, तीच डोळ्यांना बाधली असावी, असाही एक तर्क होता. पशुवैद्यकाने पट्टी लावली तेव्हा उजव्या डोळ्यात ओल ४ मिलिमीटर चढली, डाव्यात ६. पारपटलावर व्रण नव्हता. सर्व जुनी औषधे बंद करून सायक्लोस्पोरीन मलम दिवसातून दोन वेळा आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार-पाच वेळा असा उपचार ठरला. पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक दिसेना. मालकांचा धीर सुटत चालला होता. पशुवैद्यकाने आधीच बजावून ठेवले होते म्हणूनच मलम चालू राहिले. पाचव्या आठवड्यात पट्टीवर ११ मिलिमीटर ओल आली, चिपडे निम्म्यावर आली. तिसऱ्या महिन्यात ती पायरी न चाचपडता उतरू लागली. उजव्या बुबुळावरील तपकिरी डाग मात्र पुरता गेला नाही. उपचार चार महिने आधी सुरू झाला असता तर तो पडलाच नसता, असे पशुवैद्यकांचे मत पडले.

या औषधाची हकीकत शेतीशी जवळची आहे. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरीन मिळाले आणि प्रथम ते माणसात रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून वापरात आले. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठातील पशुनेत्रतज्ज्ञ डॉ. रेने कॅस्वान यांनी १९८० नंतरच्या दशकात ते कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांवर योजून पाहिले. १९९५ साली तेथे कुत्र्यांसाठी ०.२ टक्के मलमास मान्यता मिळाली; माणसांच्या कोरड्या डोळ्यांसाठीचे थेंब त्यानंतर, २००२ साली मान्य झाले. औषध सामान्यतः माणसाकडून जनावराकडे येते. येथे त्याने उलटा प्रवास केला. ज्या कुत्र्यांना या औषधाने पुरेसा गुण येत नाही त्यांच्यासाठी टॅक्रोलिमस हे त्याच जातीचे दुसरे औषध पशुवैद्यक योजतात. दोन्ही औषधांना काही आठवडे द्यावे लागतात, आणि ती बहुधा जन्मभर चालू ठेवावी लागतात. डोळा स्वच्छ दिसला म्हणून मलम थांबविले की थोड्याच दिवसांत पाणी पुन्हा आटते. हा खर्च कायमचा आहे हे कुत्रा घेण्यापूर्वीच ध्यानात घेतलेले बरे.

कोपऱ्यातील लाल गाठ

पिल्लाच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एके दिवशी अचानक वाटाण्याएवढी लाल गाठ दिसू लागते. कुत्र्याला वरच्या व खालच्या पापणीखेरीज आतल्या बाजूस एक तिसरी पापणी असते. तिच्या मुळाशी असलेली अश्रुग्रंथी जागा सोडून वर आली म्हणजे ही गाठ दिसते. गाठ दिसावयास ओंगळ असल्यामुळे ती कापून टाकण्याचा मोह होतो. पूर्वी पशुवैद्यकही तेच करीत. परंतु डोळ्यातील एकूण पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी ही ग्रंथी पुरविते. ती गेलेल्या अनेक कुत्र्यांचे डोळे पुढे काही वर्षांनी कोरडे पडतात, असे दिसून आल्यावर ती कापण्याऐवजी आत ढकलून टाके घालून बसविण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. आजही "दोन मिनिटांत कापून देतो" असे सांगणारा कोणी भेटल्यास त्याला नम्रपणे नकार द्यावा. गाठ फार दिवस उघडी राहिल्यास सुजते, म्हणून शस्त्रक्रियेस विलंबही करू नये.

केस, कुसळ आणि इतर

पग, पेकिनीज यांची नाके चपटी व डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात. डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात आणि झोपेतही कित्येकांच्या पापण्या पुऱ्या मिटत नाहीत. बुबुळाचा मधला भाग रात्रभर उघडा राहून सुकतो. त्यात नाकावरील घडीचे केस बुबुळावर घासतात, काहींच्या पापणीच्या कडेलाच आडवे केस उगवतात, काहींची पापणी आत वळलेली असते. अशा डोळ्यात दिवसभर कुसळ सलत असल्यासारखी स्थिती असते. थेंबांनी ती कशी जावी? तेथे केस काढणे किंवा पापणीची शस्त्रक्रिया हाच उपाय होय.

खरोखरीचे कुसळही विसरू नये. पावसाळा संपून माळावरील कुसळी गवत पिकले म्हणजे आश्विन-कार्तिकात बुटक्या पायांच्या कुत्र्यांची तोंडे नेमकी त्या कुसळांच्या उंचीवर येतात. कुसळाचे टोक तिसऱ्या पापणीच्या मागे शिरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एकच डोळा एकाएकी मिटू लागला, पाणी गळू लागले, तर प्रथम हा संशय घ्यावा. भूल देणारा थेंब घालून पशुवैद्यक पापणी उलटून पाहतो व चिमट्याने कुसळ काढतो. घरी काढण्याचा प्रयत्न केल्यास ते मोडून आत राहते.

दोन्ही डोळ्यांतून घाण येत असून ताप, नाकातून शेंबूड, खोकला किंवा जुलाब अशी लक्षणे असतील आणि कुत्र्याला लस टोचलेली नसेल, तर दुखणे डोळ्यांचे नसून डिस्टेंपरचे असण्याचा संभव मोठा. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत व पुढे पशुवैद्यक सांगतील त्या वेळी ही लस देणे हाच त्यावरील भरवशाचा इलाज आहे. डोळ्यात पांढऱ्या दोऱ्यासारखी वळवळणारी कृमी दिसल्यास माश्यांनी आणलेली लागण समजावी. अशी कृमी माणसाच्या डोळ्यांतही होऊ शकते, म्हणून हयगय नको. पांढऱ्या पामेरिअनच्या डोळ्यांखाली पडणारे तपकिरी ओघळ मात्र पुष्कळदा निरुपद्रवी असतात. अश्रूंतील रंगद्रव्याने केस रंगतात एवढेच. डोळा स्वच्छ व उघडा असेल तर त्यावर औषध ओतण्याचे कारण नाही.

थेंबांच्या बाटलीतील धोका

औषधांच्या दुकानात "डोळे आले" एवढे सांगितले म्हणजे पुष्कळदा जी बाटली हाती पडते, तिच्यात जंतुनाशकाबरोबर डेक्सामिथासोन, बीटामिथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांपैकी एखादे स्टेरॉइड असते. स्टेरॉइडने लाली झपाट्याने उतरते, म्हणून मालक समाधान पावतो. परंतु पारपटलावर लहानसा जरी व्रण असला तरी हेच औषध तो भरून येऊ देत नाही व जंतूंना मोकळे रान देते. कुत्र्याचे पारपटल जाडीने सुमारे अर्धा मिलिमीटरच असते; खोल गेलेला व्रण आरपार जाण्यास वेळ लागत नाही. स्यूडोमोनास या जंतूची लागण असल्यास पारपटल लोण्यासारखे विरघळून एक-दोन दिवसांत डोळा फुटल्याची उदाहरणे पशुवैद्यकांच्या नित्य पाहण्यात आहेत.

व्रण नुसत्या डोळ्यांनी दिसेलच असे नाही. फ्लुरोसीन नावाचा नारिंगी रंग डोळ्यात सोडून धुतल्यावर व्रणाची जागा निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. ही तपासणी झाल्याखेरीज स्टेरॉइड असलेला थेंब कुत्र्याच्या डोळ्यात घालू नये. घरात जुनी बाटली पडलेली असेल तर तिच्यावरील घटकांची नावे आजच वाचून पाहावीत.

घरगुती उपायांबद्दलही लिहिणे प्राप्त आहे. गुरांच्या डोळ्यांत फूल पडले असता तंबाखू चघळून तिची पिचकारी मारण्याची किंवा मीठ फुंकण्याची चाल काही ठिकाणी होती व अजूनही ऐकू येते. फूल म्हणजे पारपटलावरील जखमेचा वण किंवा सूज. तिच्यावर तंबाखू वा मीठ म्हणजे ताज्या जखमेवर तिखट. हळद, लिंबू, तुरटी यांचेही तेच. आपल्या वडीलधाऱ्यांच्या अनुभवाला प्रस्तुत लेखक मान देतो, पण या एका बाबतीत त्यांचे ऐकू नये.

डोळा निळसर-पांढरा दिसू लागला तर

हा प्रसंग तातडीचा समजावा. व्रण हे एक कारण झाले. गोचिडांपासून होणाऱ्या एर्लिकिया रोगात डोळ्याच्या आतील भागास सूज येते व कधी रक्तही उतरते. गुरांना चावणाऱ्या मोठ्या माश्यांकडून पसरणाऱ्या सर्रा रोगात कुत्र्याची दोन्ही बुबुळे दुधाळ होतात, ताप चढतो-उतरतो, अंगावर सूज येते. गोठ्याजवळ राहणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत याची आठवण ठेवावी. डोळ्यातील दाब वाढल्यानेही बुबुळ निळसर होते आणि मग दृष्टी जाण्यास फार काळ लागत नाही. रक्ततपासणीवाचून यांतील फरक कळत नाही व डोळ्यात कितीही थेंब घातले तरी रक्तातील रोग जात नाही.

पगसारख्या कुत्र्याचा डोळा मारामारीत किंवा मानगुटीची कातडी जोराने ओढल्यामुळे खोबणीबाहेर येतो, असेही घडते. त्या वेळी तो आत दाबू नये. सलाइनने भिजविलेले स्वच्छ फडके त्यावर धरून कुत्र्याला तसेच उचलून दवाखान्यात न्यावे. अशा कुत्र्यांना गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधावयाचा पट्टा वापरणे योग्य.

घरी करावयाची शुश्रूषा

डोळे पुसण्यासाठी दुकानात मिळणारे सलाइन किंवा उकळून गार केलेले पाणी घ्यावे. सलाइन घरी करावयाचे असल्यास अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ तोलून घालावे आणि ते त्याच दिवशी वापरून संपवावे. जुन्या मऊ सुती कापडाचे तुकडे उकळून घ्यावेत. कापसाचे तंतू डोळ्यात राहतात. वाळलेली चिपडे ओढून न काढता आधी भिजवावीत. प्रत्येक डोळ्यास निराळा तुकडा, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर. आधी व नंतर हात साबणाने धुवावेत.

थेंब घालताना समोरून बाटली आणल्यास कुत्रा बिथरतो. त्याला मांडीवर पाठमोरे बसवून हनुवटी वर उचलावी आणि बाटली कपाळावरून पुढे आणावी. टोक डोळ्याला लागू देऊ नये. दोन औषधे असल्यास मध्ये पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत. थेंब आधी, मलम नंतर. उघडलेली बाटली साधारणतः महिन्यानंतर टाकून द्यावी. कुत्रा पंजाने डोळा खाजवीत असेल तर मानेभोवती नरसाळ्यासारखा पुठ्ठा बांधावा. तो तयार मिळतो. न मिळाल्यास जुन्या फाइलच्या पुठ्ठ्यानेही काम भागते. मात्र मानेशी दोन बोटे जातील एवढी जागा सोडावी.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात टीपकागदाची पट्टी किंवा फ्लुरोसीन नसल्यास जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करावी. जाताना आतापर्यंत घातलेल्या सर्व बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात. कोणते औषध कधी घातले हे पशुवैद्यकाला निम्मे निदान सांगून जाते. जंतुनाशकांना दाद न देणारी लागण असल्यास डोळ्यातील द्राव प्रयोगशाळेत पाठवून कोणते औषध चालेल हे ठरविता येते. त्यासाठीही नवीन थेंब सुरू करण्यापूर्वीचा नमुना लागतो.

बागेत फवारणी किंवा गंधकाची धुरळणी चालू असेल त्या दिवशी आणि मळणीच्या वेळी लहान कुत्र्यांना घरातच ठेवावे. औषधाचा फवारा डोळ्यात गेलाच तर स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठीसह कुत्र्याला दवाखान्यात न्यावे.